एका तारेचा फ्यूज

दामूदादा आमच्या घरी यायचा तो आमची लाईट गेली की. घरात सगळं नीट चालू असताना तो आपणहून उंबऱ्याच्या आत आला, असं तीसेक वर्षांत एकदाच घडलं. ते ओघाने येईलच.

आमचं घर उमरोळीत. कौलारू, मागे विहीर, विहिरीला लागून चार चिकू आणि काही माड. मी बोईसरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले त्या वर्षी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घराची वायरिंग नव्याने करून घेतली. त्या कामासाठी बेटेगावहून सायकलवर आला तो दामूदादा. बुटका, काळासावळा, उजव्या कानावर पेन्सिल आणि हँडलला खाकी पिशवी. त्याने भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकून वायर फिरवली आणि ओटीच्या भिंतीवर लाकडी बोर्ड बसवला. बोर्डावर लोखंडी मेन स्विच आणि त्याच्या शेजारी चिनी मातीचे पांढरे फ्यूज. फ्यूज म्हणजे आत एक बारीक तार. घराने झेपेल त्याहून जास्त वीज ओढली की ती तार वितळते आणि अंधार होतो. नवी तार बांधली की पुन्हा उजेड. एवढंच ते शास्त्र.

काम संपल्यावर त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि प्रत्येक फ्यूजखाली नाव लिहिलं. बाकीचे वायरमन खोल्यांची नावं लिहितात. याने माणसांची लिहिली. ‘नाना’, ‘वयनी’, ‘बाय’. वयनी म्हणजे माझी आई आणि बाय म्हणजे मी. विहिरीवरच्या पंपापुढे ‘हीर’. नाना म्हणाले, “अरे दामू, हॉल, किचन असं लिहितात.”

“नाना, लाईट गेली का तुमी काय इचारनार? कोनाची गेली, आसाच ना? किचनची गेली काय, आसा कोन इचारतो?”

नाना गावात कोणाशीही वाद घालायला तयार असत. पण यावर ते मला म्हणाले, बरोबर बोलतोय गं तो.

नाना गेल्यावर मीच म्हटलं, “दामूदादा, ते नाव पूस आता. आईच्या सारखं नजरेला पडतं.” त्याने आईकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “पंका त्यांचाच हाय, बाय,” आणि पिशवी उचलून चालू लागला. नाव तिथेच राहिलं.

आमचा फ्यूज फार जायचा. महिन्या-दीड महिन्यातून एकदा ठरलेला. इस्त्री लावली आणि त्याच वेळी पंप चालू केला की गेलाच. आधी निरोप पाठवावा लागायचा, पुढे त्याच्याकडे मोबाईल आला. तो मोबाईल तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावून ठेवायचा, त्यामुळे फोन उचलला की आधी बराच वेळ नुसती पिशवीची खुसफुस ऐकू यायची. मग पुढचं बोलणं ठरलेलं.

“काय झाला?”

“लाईट गेली.”

“शेजारी हाय?”

“शेजारी आहे.”

“मंग तुमचाच फ्यूज गेला. हात लावू नको, मी येतो.”

मोबाईल आल्यापासून हेच. त्यात एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही. मी तोंडाची फटकळ. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला काय म्हणायचे ते मला पक्कं ठाऊक होतं. दामूदादालाही मी सोडलं नाही. “अरे, वायरिंग केलीस की पोरगी दिलीस आमच्या घरात? दर महिन्याला येऊन समजूत काढावी लागते!” तो नुसता हसायचा. हसताना तोंडावर हात धरायची त्याला सवय होती.

एकदा रविवारी फ्यूज गेला, तेव्हा मी ठरवलं की आता आपणच तार बांधायची. शिकलेली बाई मी, कॉम्प्युटरवर अख्ख्या कारखान्याची हजेरी सांभाळते, मला एक तार बांधता येऊ नये? खुर्चीवर चढून मी मेन स्विच पाडला आणि फ्यूजला हात घातला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, “हात लावू नको म्हणून सांगितलंय ना त्याने!” माझ्या आईचा आवाज शेजारच्या घरात कधी कोणी ऐकला नसेल. त्या दिवशी तो रस्त्यापर्यंत गेला असावा. मी खाली उतरले. मला वाटलं, म्हातारी घाबरली.

आला की तो आधी पायातल्या चपला काढायचा आणि पाट मागायचा. लाकडावर उभं राहिलं की शॉक लागत नाही, हे त्याचं म्हणणं. आईने त्याच्यासाठी जेवायचा एक पाट वेगळा काढून ठेवला होता, त्यावर ती दुसऱ्या कोणाला बसू देत नसे. पाटावर उभा राहून तो तार बांधायचा, मेन स्विच वर करायचा, पंखा फिरला की त्याच्याकडे असा बघायचा जणू पहिल्यांदाच फिरतोय. मग त्याच पाटावर उभ्या उभ्या चहा. खुर्ची पुढे केली तरी बसायचा नाही. “आमी कामाला आलेली मानसा,” म्हणायचा. चहा पिताना मात्र गावभरच्या घरांची खबर द्यायचा. कोणाच्या गिझरचा कॉइल गेला, कोणाची सून माहेराहून आली, कोणाच्या वाडीतला माड पडला आणि वायर घेऊन खाली आला. हे सगळं आई ऐकायची. मी बहुतेक वेळा ऑफिसात. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सातला यायचं. दामूदादा येऊन गेला हे मला मोरीतल्या दुसऱ्या कपावरून कळायचं.

कामाशिवाय मात्र तो कोणाच्या घरी पाय ठेवायचा नाही. लग्न असो, बारसं असो. “वायरमन उगाच आला का लोक आढ्याकडं बघतात,” तो म्हणायचा. “काय जळतय काय, आसा वाटतो त्यांना.” आम्ही सत्यनारायण घातला तेव्हा आईने त्याला दोनदा सांगितलं होतं. तो आला नाही. आरतीला आम्ही उभे राहिलो, कोणीतरी मखराभोवतीची दिव्यांची माळ लावली, आणि फट्‌ आवाज होऊन सगळं घर काळोखात. भटजींच्या हातात निरांजन होतं म्हणून देव तेवढे दिसत होते. मी वैतागून फोन लावला. पिशवीची खुसफुस, काय झाला, शेजारी हाय, सगळं यथासांग झालं. पंधरा मिनिटांत तो हजर. बेटेगावहून सायकलने पंधरा मिनिटांत माणूस पोचतो कसा, हे मला त्या गडबडीत सुचलं नाही. तो वाटेतच कुठेतरी असणार. धुतलेला शर्ट घातला होता. तार बांधून झाल्यावर आईने द्रोणात प्रसाद दिला, तो त्याने पाटावर उभं राहून खाल्ला, मग पुन्हा मागून घेतला. आई पदराआड हसत होती. मला वाटलं, आरती नीट पार पडली म्हणून हसतेय.

त्याची बायको लवकर गेली. एक मुलगी, ती मनोरला दिलेली. बेटेगावात तो एका खोलीत राहायचा. ती खोली मी एकदाच पाहिली. त्याला ताप आला होता आणि आईने मला भाताची पेज आणि लोणचं डब्यात घालून पाठवलं होतं. खोलीत एक खाट, एक बल्ब, एक पंखा, भिंतीला सायकल टेकवलेली. दुसरा कप नव्हता, पेज मी त्याला डब्याच्या झाकणातच दिली. सवयीने माझी नजर त्याच्या बोर्डावर गेली. फ्यूजमध्ये त्याने चांगली गोधडीच्या सुईएवढी जाड तार घातलेली. वितळायचं नाव घेणार नाही अशी.

“दामूदादा, लोकांना शहाणपण शिकवतोस आणि स्वतःच्या घरात हे?”

“एक बलब, एक पंका. काय जळनार हाय?” तो पडल्या पडल्या म्हणाला. “आनि माजा फ्यूज गेला तर मी कोनाला बोलवू?”

मी मोठ्याने हसले. मला ते फार मजेशीर वाटलं. डबा तिथेच ठेवून मी निघाले, कारण परतीची रिक्षा सुटली असती. त्या हसण्याची आता मला लाज वाटते.

आई गेली. पुढे वर्षभरात मी निवृत्त झाले. मी एकटी राहते हे लोकांना सांगताना मी नेहमी ‘मजेत’ असा शब्द जोडते, तो अर्धाच खरा असतो. फ्यूज जातच होता, दामूदादा येतच होता. पण मी काही आई नव्हे. तो चहा पीत काही सांगू लागला की मी हं हं करत मोबाईल बघायची. त्याचंही वय झालं होतं. गुडघे धरले होते, सायकल हातात धरून चालतच जास्त यायचा. गेल्या उन्हाळ्यात एक दिवस मी डोक्याला साबण लावलेला आणि फ्यूज गेला. पंप बंद, टाकीत पाणी नाही. फोन केला, “हात लावू नको, मी येतो,” म्हणाला, आणि आला तीन तासांनी. तोवर मी विहिरीवर जाऊन बादलीने डोकं धुतलं आणि त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं. त्या दिवशी चहा मी दिला नाही.

त्याच महिन्यात मी एसी घेतला. तो लावायला आलेल्या माणसाने बोर्डाकडे बघून हात जोडले. म्हणाला, हा बोर्ड आधी बदला, मग मला बोलवा. मी बोईसरहून अजय नावाच्या इलेक्ट्रिशियनला आणलं. चाळिशीचा, कारखान्यांची कामं करणारा, वेळेचा पक्का. दामूदादाला मी विचारलं नाही, सांगितलंही नाही. तसं ठरवून केलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

अजयने दोन दिवसांत घराचा कायापालट केला. भिंतीवरच्या पट्ट्या गेल्या, नवी जाड वायर आली, अंगणात अर्थिंगचा खड्डा झाला. लाकडी बोर्डाच्या जागी पांढरा लोखंडी डबा आला. त्यात फ्यूज नाहीत, ओळीने काळे खटके. लोड जास्त झाला की खटका आपोआप खाली पडतो, बोटाने वर केला की चालू. तार नाही, वितळणं नाही, वायरमन नाही. जुना बोर्ड उतरवताना अजयने एक फ्यूज उपसून माझ्यापुढे धरला.

“मॅडम, ये किसने बांधा है? तीन तार डालना चाहिए था, इसमें एक ही डाला है. इसीलिए बार-बार उड़ता था.”

मी बाकीचे फ्यूज बघायला लावले. सगळ्यांत एकच तार. केसाएवढी.

“वैसे एक तरह से ठीक भी था,” तो पुढे म्हणाला. “ये पुरानी वायर तो पूरी सड़ गई है. मोटा तार डालता तो फ्यूज की जगह छत जलती.”

हे दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात साबण, विझलेली आरती आणि तीस वर्षांचे अंधार एकदम उसळले. म्हणजे हा माणूस मुद्दाम आमची लाईट घालवत होता! मी फोन लावला.

“काय झाला? फ्यूज गेला काय?”

“गेला. बोर्डासकट गेला. ये, दाखवते.”

यावेळी पुढचं ठरलेलं वाक्य तो बोललाच नाही. पिशवी खुसफुसली आणि फोन बंद झाला.

तो आला तेव्हा बोर्ड ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्याने चपला काढल्या, खाली बसला, शर्टाच्या बाहीने बोर्डावरची धूळ पुसली. पेन्सिलची नावं अजून वाचता येत होती. मी फ्यूज त्याच्या नाकासमोर धरला.

“एक तार, दामूदादा?”

“वायर जुनी हाय, बाय. जास्त घातली तर...”

“वायर नवी होती तेव्हा? तेव्हा किती घातल्या होत्यास?”

त्याने बोर्डावरची धूळ पुन्हा पुसली. मग त्याने मान खाली घालून सांगितलं, “एकच.”

“का?”

“फ्यूज गेला नाय तर मला कोन बोलावनार हाय?”

त्याने ते असं सांगितलं की मला वर आवाज चढवता येईना. मग मीच विचारलं, सगळ्यांच्या घरी असंच का? नाही म्हणाला. गावातल्या पाच-सहा घरांतच. बाकीच्यांकडे तीन तारा, नेमाने. “जिथं काम झाल्यावर दरवाजा दाकवतात तिथं तीन. जिथं चाय पी, बस म्हनतात, तिथं एक.”

“आणि आम्ही तीस वर्षं अंधारात बसायचं? आईचं वय, एकटी घरात...”

“वयनी जानत होती.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“नाना गेले त्या साली वयनीनी मला पकडला. म्हनाली, दामू, दोन तारा घाल बाबा, हा खेळ पुरे. मी घातल्या. मंग दोन मयने फ्यूज गेला नाय. दोन मयन्यांनी वयनीचाच निरोप आला. मी आलो तर लाईट चालू, पंका चालू. मी म्हनला, काय झाला? तर पाट देऊन म्हनाली, दामू, ती एकच घाल.”

मी खाली त्याच्याशेजारी बसले. फ्यूज माझ्या हातात होता. मला एकदम तो दुसरा कप आठवला. मोरीत पडलेला, धुवायचा राहिलेला. आठला जाऊन सातला येणारी मी, आल्यावर टीव्ही लावणारी मी, रविवारी झोप काढणारी मी. आईला माझ्याशी बोलायचं असेल तर तिने कुठली तार वितळवायची होती? हे मी त्याला बोलले नाही. रडले मात्र, आणि तो तोंडावर हात धरून दुसरीकडे बघत बसला.

जाताना म्हणाला, “ह्यो बोर्ड नेऊ काय?” मी हो म्हटलं. त्याने तो सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधला आणि सायकल हातात धरून गेला.

नव्या डब्याचं कौतुक मला तीन आठवडे पुरलं. एसी, गिझर, पंप, वॉशिंग मशीन, सगळं एकदम लावून बघितलं. काही होत नव्हतं. घरात काही म्हणजे काही बिघडत नव्हतं. चौथ्या आठवड्यात एका दुपारी माझ्या लक्षात आलं की दूधवाला सोडला तर माझ्या दाराशी कोणी आलेलं नाही, आणि तोही पिशवी अडकवून न बोलता जातो. एसीच्या गारव्यात मी बसले होते.

मी उठले, डबा उघडला, एक खटका खाली पाडला आणि फोन लावला.

“काय झाला?”

“लाईट गेली.”

“शेजारी हाय?”

“शेजारी आहे.”

पलीकडे पिशवी पुन्हा खुसफुसली. “हात लावू नको. मी येतो.”

तो रिक्षाने आला. मी पाट ठेवला. तो पाटावर चढला, डबा उघडला आणि थांबला. घाईत मी पंपाचा खटका पाडला होता, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर ओटीची ट्यूब लख्ख जळत होती. दामूदादाने ट्यूबकडे पाहिलं, खटक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतून टेस्टर काढला आणि एकेका खटक्याला लावत, मान डोलवत, चांगली वीस मिनिटं तपासणी केली.

“मोटा फॉल्ट हाय,” शेवटी म्हणाला. “टाइम लागल.”

“लागू दे,” मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

अजयने खटक्यांखाली इंग्रजी स्टिकर लावले होते, ते दामूदादाने नखाने खरवडून काढले. कानावरची पेन्सिल घेतली आणि लिहू लागला. पंपाला ‘हीर’. बाकी सातही खटक्यांखाली ‘बाय’. एकाखाली एक, सात वेळा. मी म्हटलं, “अरे, एवढ्यांदा कशाला?”

“आता समदी लाईट तुजीच ना,” तो म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला ते लागलं असावं, कारण त्याने लगेच कोणाच्या तरी वाडीतल्या माडाची गोष्ट काढली. मी मोबाईल आत ठेवून आले होते. माडाची गोष्ट मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकली.

असं वर्षभर चाललं. दर दोन-तीन आठवड्यांनी माझी लाईट जायची. नवीन डब्याला नवीन फॉल्ट. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. आईची जागा मी उशिरा चालवायला घेतली होती, आणि ती मला बरी जमत होती.

यंदा पावसाळा संपता संपता एका सकाळी फाटकाची कडी वाजली. दामूदादा. मी कुठलाही खटका पाडलेला नव्हता. हातात पिशवी नव्हती, कानावर पेन्सिल नव्हती. फाटकाबाहेरच उभा राहून म्हणाला, “काय गेला नाय ना, बाय?”

“नाही रे. सगळं आहे.”

“तरी येऊ काय?”

मी फाटक सताड उघडलं. तो आत आला आणि मी पाट आणायच्या आधी ओटीवरच्या खुर्चीत बसला. नानांच्या. सांगितलं की उद्या मुलगी न्यायला येतेय, मनोरला. गुडघ्यांनी सायकल होत नाही, एकट्याला जमत नाही, जावई चांगला आहे. “तिथं समदा नवीन हाय. वायर भिंतीच्या आत. दिसतच नाय काय,” तो म्हणाला. मी चहा आणला, तो बसून प्यायला. मी म्हटलं, येत जा. तो म्हणाला, बोलवत जा. निघताना त्याने एकदा वर डब्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरून हसला. फाटकातून वळून माडांच्या आड जाईपर्यंत मी बघत होते. सायकलशिवाय तो फारच लहान दिसत होता.

संध्याकाळी झाडांना पाणी द्यायला पंपाचं बटण दाबलं. पंप चालू होईना. येऊन डबा उघडला. ‘हीर’चा खटका खाली. बाकी सात वर, तो एकटा खाली. मी चहा टाकायला आत गेले होते तेवढ्यात त्याने तो पाडला होता.

मी तिथेच उभी राहून फोन लावला. पिशवी खुसफुसली.

“काय झाला?”

“पंप गेला, दामूदादा.”

“मोटा फॉल्ट हाय तो,” तो म्हणाला. आवाजात हसू होतं. “दुसऱ्या कोनाचा काम नाय. हात लावू नको. मी येतो.”

तीन आठवड्यांनी मनोरहून त्याच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेला म्हणाली, त्रास झाला नाही.

विहिरीवरचा जुना रहाट मी दुरुस्त करून घेतला आहे. सकाळी आठ-दहा कळशा काढते, चिकूंना तेवढं पुरतं. परवा अजय एसीचं बघायला आला, तेव्हा त्याने डबा उघडला आणि म्हणाला, “मॅडम, पंप का तो बस नीचे गिरा है, एक उंगली का काम है,” आणि बोट पुढे केलं. मी त्याचा हात धरला. एका बोटाचं काम आहे हे मला माहीत आहे. पण हात लावू नको म्हणून सांगितलंय. मी लावलेला नाही.